नोएमीची खोली: धुकं की वाटाणा?

क्वेंका, मंगळवार

आदरणीय दोमितिलाताईस, रुफिनोचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? ग्वायाकिलच्या उकाड्यात ते बरे राहत असतील. इथे आम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. कारण भिंत.

आमची लेक नोएमी नऊ वर्षांनी मुर्सियाहून येतेय. तिची खोली रंगवून ठेवावी यावर आमचं एकमत झालं (लग्नानंतरचं बहुधा दुसरं). ती स्पेनला गेल्यावर भाडेकरूसाठी घाईघाईत पांढरा फासला होता, तो काही तिला दाखवण्यासारखा नाही. मी ‘सकाळचं धुकं’ नावाचा फिकट निळा आणला. ग्रासिएला जाऊन ‘कोवळा वाटाणा’ घेऊन आली. तिचं म्हणणं, खोली आधी हिरवीच होती. मी म्हटलं, निळी. मग खिडकीशेजारी दोन्हींचे हातभर पट्टे ओढले. सकाळी माझा निळा दवाखान्यासारखा दिसतो, दुपारी तिचा हिरवा बँकेसारखा, आणि ढग आले (इथे ते कधी नसतात?) की दोन्ही सारखेच राखाडी. शेजारच्या आबेलार्दो मास्तरांना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं चित्रकला शिकवलीय. डोळे बारीक करून म्हणाले, "दोन्ही वाईट आहेत, पण निळा जरा प्रामाणिकपणे वाईट आहे." ग्रासिएलाने त्यांना कॉफी विचारली नाही.

शेवटी पुरावा म्हणून मी कपाट सरकवलं. मागे जुना रंग जसाच्या तसा. गुलाबी! नोएमीच्या पंधराव्या वाढदिवसाला मीच दिला होता गं, या हातांनी. आम्ही दोघं पलंगावर बसून बराच वेळ तिकडे बघत राहिलो. ग्रासिएला म्हणाली, "अजून काय काय विसरलो असू हो आपण तिचं?"

आता गुलाबी द्यावा, तर पोरगी चौतीस वर्षांची. तूच सांग, धुकं की वाटाणा?

तुझा,
रुफिनो

ता. क. रंगाचं राहू दे. नोएमी तुझ्याशी मोकळेपणाने बोलते. ती कायमची येतेय की नुसती सुट्टीला, एवढं सहज विचारल्यासारखं करून विचार. आमचं धाडस होत नाही.

ता. क. २. ग्रासिएलाने पत्र वाचलं. म्हणते, असलं काही विचारायचं नाही, पोरीला ओझं वाटेल. तेव्हा विचारू नकोस. पाकीट तीच चिकटवणार आहे.

वन्सं, आजच विचारा. सुट्टीला म्हणाली, तर आधी मला कळवा. यांना मी सांगेन.
— ग्रासिएला