बाईंचे दात गाडीत राहिले त्याची हकीगत

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पत्रातच वाकलो आहे. प्रत्यक्षात सध्या कंबर परवानगी देत नाही. का, ते पुढे येईल.) तुमचा खोकला बरा झाला असं मावशीकडून कळलं आणि जिवाला स्वस्थता वाटली. मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे आपापल्या जागी ठीक आहोत. थंडी मात्र अशी पडली आहे, की सकाळी नळ सोडला तर तो आधी खोकतो, मग विचार करतो आणि पटलं तर पाणी देतो. तुम्ही लेकीजवळ उबदार गावी राहायला गेलात हे फार शहाणपणाचं केलंत. जाताना गाडी मला दिलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहेच. त्या गाडीचीच खुशाली कळवावी म्हणून हे पत्र.

गाडी देताना तुम्ही म्हणाला होतात, किल्ली खिशात असली की पुरे, जवळ गेलास की ती तुला ओळखेल. ते उन्हाळ्याचे दिवस होते आणि ती खरोखरच ओळखायची. दाराला नुसता हात लावला की कुलूप उघडायचं, दिवे मिचकायचे, आरसे कान पसरल्यासारखे बाहेर यायचे. मला घरातसुद्धा इतका मान नाही. पण काचांवर पांढरं हिम धरायला लागलं आणि तिने ओळख दाखवणं कमी केलं. आधी बटण दोनदा दाबावं लागे, मग चारदा, मग किल्ली अगदी तिच्या नाकाशी नेऊन धरावी लागे. मी मनावर घेतलं नाही. (नातेवाइकांच्या बाबतीतही मी असाच गाफील राहतो, असं हिचं म्हणणं आहे.)

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. दंतवैद्य मापं पाठवतात, मी कवळ्या करतो. ही श्रवणयंत्रांच्या दुकानात असते. म्हणजे दात माझ्याकडे, कान हिच्याकडे, आणि नाक खुपसायला सासरे आहेत. त्यांची सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण पाण्याने सुटते अशी त्यांची ठाम समजूत आहे. भिंतीला ओल आली तरी ते आधी पाणी मारून बघतात.

तर गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा निरोप समारंभ होता. ('आमच्या' म्हणजे लहानपणी ही शिकली त्या शाळेच्या. मी कुठल्या शाळेचा होतो हे आता कुठलीच शाळा कबूल करत नाही.) बाईंच्या वरच्या दातांची कवळी बेसिनमध्ये पडून मधोमध तडकली होती. ती त्या स्वतः घेऊन माझ्याकडे आल्या, तोंडावर रुमाल धरून, आणि काय झालं ते कागदावर लिहून दिलं. बोलल्या नाहीत. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती : 'माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला दातांशिवाय पाहिलेलं नाही. शेवटच्या दिवशी तर नाहीच.' मामा, मी पुष्कळ लोकांना बोळक्या तोंडाने पाहिलं आहे, तो माझा पोटापाण्याचा भाग आहे; पण त्या ओळीने मीसुद्धा जरा ताठ बसलो. कवळी जोडली, घासली, चकाकवली आणि पाण्याच्या डबीत घातली. (कोरडी राहिली तर तिचा आकार बिघडतो.) आणि सकाळच्या घाईत विसरू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच डबी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून आलो. हा एवढा दूरदर्शीपणा मी आयुष्यात प्रथमच केला. पुन्हा करणार नाही.

सकाळी बटण दाबलं. गाडी गप्प. अंगठ्याने दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, बाजूने, समोरून, दात-ओठ खाऊन दाबलं. गाडीने डोळासुद्धा मिचकावला नाही. काचेतून डबी दिसत होती. अशा वेळी काय करावं हे सविस्तर सांगणारं पुस्तक कंपनीने दिलेलं आहे, आणि ते गाडीच्या आत, पुढच्या कप्प्यात असतं. म्हणजे पोहायला कसं शिकावं याचं पुस्तक विहिरीच्या तळाशी ठेवण्यातला प्रकार. शेवटी ही बाहेर आली. तिने माझ्या हातातून किल्ली घेतली, कडेची एक बारीक कळ सरकवली आणि त्या ठोकळ्यातून चक्क एक लोखंडी किल्ली बाहेर ओढली. साधी, दातेरी, आपल्या कपाटाला असते तशी. ही तुम्हाला ठाऊक होती का, मामा? असेल, तर सांगायला हरकत नव्हती.

आता किल्ली होती, पण भोक नव्हतं. ते दाराच्या मुठीवरच्या एका टोपणाखाली लपलेलं असतं, असं हिने शोधून काढलं. ती नखाने ते टोपण उचकटत असतानाच सासरे किटली घेऊन आले. आम्ही 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यांनी धार सोडली होती. (काचेवर नाही पडली, हे नशीब. थंड काचेवर उकळतं पाणी पडलं असतं तर ती तडकली असती.) वाफ आली, बर्फ वितळलं, सासऱ्यांनी आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, आणि तेवढ्या वेळात ते पाणी दाराच्या फटीत आणि कुलपाच्या भोकात शिरून पुन्हा गोठलं. आधी दार नुसतं बंद होतं, आता ते चिकटलंही. प्रयत्नांवर पाणी पडणं म्हणतात ते मी याचि डोळा पाहिलं.

इकडे बाईंचे निरोप येऊ लागले. 'मी कार्यालयात आहे. दार आतून लावून घेतले आहे. आपण कुठे आहात?' थोड्या वेळाने, 'सभागृह भरले आहे.' मी फोन लावला. त्यांनी उचलला, नुसता श्वास ऐकू आला. दातांशिवायचा 'हॅलो' मला ऐकवण्यापेक्षा त्यांनी न बोलणं पसंत केलं. मग मीच एकटा बोललो आणि मीच एकट्याने निरोप घेतला. त्यावर लगेच लिहून आलं, 'मला कारण नको आहे. मला दात हवे आहेत.'

त्यानंतर जे काही केलं ते हिनेच केलं. किल्लीच्या ठोकळ्यात नाणं घालून तिने तो उघडला, आतला चपटा सेल काढला आणि सरळ काखेत धरला, जिथे ताप बघतात तिथे. श्रवणयंत्रातले सेलही थंडीत असेच मरगळतात म्हणे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ती रोज हेच सांगते. सासरे म्हणाले, "काखेत धरून वस्तू चालू होत असत्या तर आमचा पंप कधीच बंद पडला नसता." हिने सेल परत बसवून किल्ली दाराला टेकवली, आणि आतून 'खट्' झालं. मामा, इतका गोड आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता. (हे वाक्य हिने वाचलं तर मी ते गाडीबद्दलच लिहिलं आहे.)

पण कुलूप उघडलं म्हणून दार उघडत नाही, कारण दाराभोवतीचं रबर बर्फाने गाडीला चिकटलेलं. मी मूठ धरून जीव खाऊन ओढलं. दार होतं तिथेच राहिलं, कंबर मात्र जागची हलली. ही म्हणाली, "ओढू नका, ढकला. दाबलं की बर्फ मोडेल." मग आम्ही तिघांनी मागच्या दाराला पाठी लावल्या (त्या दारावर किटली रिती झाली नव्हती) आणि रेटलं. आत कडकड वाजलं आणि दार सुटलं. कंबर धरून मी मागून रांगत पुढच्या सीटवर गेलो, माझ्यामागून ही. चालू करायचं बटण दाबलं तर गाडी म्हणते, किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या मुठीत. ती बटणालाच टेकवून धरली तेव्हा कुठे इंजिन घुरघुरलं.

आता मागचं दार मिटेना. खटका आत गोठलेला. लोटलं की ते पुन्हा उघडायचं. सासऱ्यांनी गळ्यातला मफलर काढला, आतल्या मुठीला बांधला, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि मागे बसले. मी म्हटलं, दोरी आणतो. म्हणाले, "तुम्ही समोर बघा." निघालो. प्रत्येक वळणावर मागून अहवाल येई : "उघडलं." मग जरा वेळाने, "मिटलं." आणि हिने डबी मांडीवर घेतली, झाकण काढलं आणि मला दाखवली. रात्रभरात पाणी गोठून बर्फाचा चौकोन झाला होता आणि त्याच्या मधोमध बाईंचं हसू.

सासरे मागून म्हणाले, गरम पाणी. मी म्हटलं, नाही, उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते, मग ती बाईंच्या काय, कुणाच्याच तोंडात बसणार नाही. मला वाटलं ते वाद घालतील. त्यांनी हात पुढे केला, डबी घेतली आणि स्वेटरच्या आत पोटाशी धरली. पुढचा सगळा रस्ता एका हाताने दार, दुसऱ्या हाताने दात. थंडीने त्यांचे दात वाजत होते, पण दोन्ही हात जागचे हलले नाहीत.

कार्यालयाचं दार बोटभर उघडलं. एक हात बाहेर आला, डबी घेतली, आत गेला. बर्फ सुटलं होतं, पण कवळी थंडगार असणार. आतून दीर्घ 'स्स्स' ऐकू आलं. मग बाई बाहेर आल्या, ताठ, सगळ्या दातांसह. समोर सासरे उभे, स्वेटर पुढून ओलाचिंब. बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमच्या पोटावर हे काय सांडलंय?"

"तुमचे दात," सासरे म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या बाईंशी असं आजवर कुणी बोललं नसेल. आणि मामा, त्या हसल्या. मोठ्याने. जोड कुठेही सुटला नाही, हे मी धंद्याच्या नजरेने पाहून घेतलं. भाषण उत्तम झालं; 'स' आणि 'श' स्वच्छ वेगळे ऐकू येत होते. परतताना बाईंनाही घरी सोडलं. खटका अजून गोठलेलाच होता, तेव्हा मफलर सासरे आणि बाई दोघांनी मिळून धरला. या वेळी मागून अहवाल आले नाहीत. दार किती वेळा उघडलं ते कळलंच नाही.

असो. पत्र लांबलं. मामींना सांगा की गुडघा जपा आणि गाडीच्या दारासारखा कधी ओढू नका. धाकट्यांना लाड, तुम्हा दोघांना पुन्हा एकदा बसल्या जागेवरून नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गाडी तुम्ही परत घ्यावी अशी विनंती आहे. तुमच्याकडे थंडी नाही, तिला तिकडचं हवापाणी मानवेल. कंबर सरळ झाली की मी स्वतः आणून सोडतो.

ता. क. दुसरा : वरच्या मजकुरावरून गाडी बिघडली आहे असं कृपया समजू नये. किल्लीत नवा सेल घातला, दारांच्या रबरांना ग्लिसरीन चोळलं, आता ती लांबूनच ओळखते. दोष तिच्यात नाही, स्वभाव जुळत नाहीत इतकंच.

ता. क. तिसरा : मामा, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून हे मी लिहिते आहे. गाडी परत घेऊ नका. आई गेल्यापासून बाबा फाटकाबाहेर पडले नव्हते. त्या दिवशी पडले ते किटली घेऊन. आता रोज सकाळी दाढी करून बाईंना गाडी शिकवायला जातात, शाळेमागच्या मैदानात. (बाबांनी खात्याचा टँकर चालवलेला आहे, काळजी नसावी.) काल दोघं पुष्कळ उशिरा परतले. दार अडकलं होतं म्हणाले. काल चांगलं कडकडीत ऊन होतं. मी काही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.