माझ्याच तक्रारीवरून हलवलेला पंप परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या पंपघरातील जुना, आवाज करणारा पंप लिलावात न काढता होता तिथे बसवण्याबाबत.

संदर्भ : माझेच यापूर्वीचे सर्व तक्रार-अर्ज, ज्यांत मी याच्या बरोबर उलट मागणी केली होती.

महोदय,

वरील संदर्भ वाचून आपण कपाळाला हात लावला असेल, याची मला कल्पना आहे. तरी अर्ज बाजूला न ठेवता शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख या नात्याने सदर पंपाविरुद्ध मी आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या अर्जांत मी पंपाच्या आवाजाला 'कर्णकटू', 'असह्य' आणि एके ठिकाणी 'रेड्याचे घोरणे' असे म्हटले होते. आपण त्याची दखल घेतलीत, जे आपल्या कार्यालयात सहसा होत नाही, आणि नवा पंप बसवलात. नवा पंप आवाज करत नाही. भिंतीला कान लावला तरी ऐकू येत नाही. नेमकी हीच माझी तक्रार आहे.

२. खुलासा असा की, आमच्या पायपेटीचा भाता उंदरांनी कुरतडल्यापासून मंडळ वाद्याशिवाय गाते. मी हात वर करते आणि सगळे सूर धरतात. हा सूर मी देते, असा माझा समज होता. फादरांचाही होता. 'बाईंचा कान म्हणजे कान' असे लोक म्हणत आणि मी ते ऐकून घेत असे. पंप गेल्यावर असे निष्पन्न झाले की सूर पंप देत होता. रविवारची मिस्सा-उपासना आणि या भागाची पाण्याची वेळ एकच असल्याने तो आमच्याबरोबर चालू होई, पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या आसपास घुमत राही आणि आम्ही नकळत त्याला धरून गात असू. ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच जिवावर आम्ही गात होतो. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही आपल्या कार्यालयाकडून रीतसर मंजूर करवून.

३. नव्या पंपाच्या उद्घाटनाला आभाराचे गीत आम्हीच गायलो होतो, हे आपणांस स्मरत असेल. त्याच दिवशी पहिल्यांदा घसरलो. पहिल्या कडव्याला होतो तिथून शेवटच्या कडव्यापर्यंत इतके खाली आलो की खर्जात गाणाऱ्या आमच्या शिंप्याला पुढे उतरायला जागाच उरली नाही आणि तो नुसताच माना डोलावू लागला. आपण टाळ्या वाजवल्यात, तो आपला चांगुलपणा. तेव्हापासून दर रविवारी हेच चालले आहे. वरच्या पट्टीत गाणाऱ्या दोन जावा घरी एकमेकींशी बोलत नाहीत, पण गाताना त्यांचे दोन आवाज आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे. आता एक वर जाते, दुसरी खाली, आणि भांडण चर्चभर ऐकू येते. पायपेटी उसनी आणली आहे. सवयीने मंडळ महिन्या-दोन महिन्यांत तिला धरून गाऊही लागेल. निव्वळ मंडळाचा प्रश्न असता तर मी मुकाट्याने तोंड मिटून बसले असते.

४. प्रश्न माझ्या थोरल्या बंधूंचा आहे. त्यांना मंडळात आणि घरात सगळे दादा म्हणतात. दादा बस स्थानकावर उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, हे निम्म्या शहराने त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. आपणही ऐकले असेल. बोलण्यात ते कुणाला हार गेले नाहीत. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. 'बरं' एवढाच शब्द राहिला. भूक लागली तरी 'बरं' आणि राग आला तरी 'बरं'.

मात्र ते गात होते. बोलणे गेले तरी गाणे कधीकधी शाबूत राहते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे (चिठ्ठीची प्रत जोडली आहे). त्यांचा बाक भिंतीलगतचा, भिंतीपलीकडे पंप. पंप सुरू झाला की दादा डावा पंजा भिंतीला टेकवत, मान वर करीत आणि आमच्याबरोबर अख्खे गीत शब्दांसकट गात. एक अक्षर चुकत नसे. आम्ही दर रविवारी शेवटी जे गीत म्हणतो त्याच्या तिसऱ्या कडव्यात 'भिऊ नकोस, मी आहे ना' असे शब्द आहेत. तिथे आले की दादा वहिनीकडे बघत. माझी वहिनी मंडळात नाही, तिला सुरातले काही कळतही नाही. ती समोरच्या बाकावर त्या ओळीची वाट बघत बसते. आठवडाभरात नवरा तिच्याशी बोलतो ते एवढेच.

आता पंजा भिंतीला टेकवतात, थांबतात, तोंड उघडतात आणि मिटतात. मग आमच्याकडे बघून 'बरं' म्हणतात. मला ते बघवत नाही.

५. मी हातावर हात ठेवून बसलेली नाही, हे नमूद करणे आवश्यक वाटते. उसन्या पायपेटीवर तोच सूर धरून पाहिला. दादांनी पेटी वाजवणाऱ्याकडे असे पाहिले की तो उठूनच गेला. एका लग्नाच्या चित्रफितीत मागे पंप ऐकू येतो, तो मोबाईलवर लावून त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी मोबाईल ढकलला. त्यांना आवाज नुसता कानात नको, हाताखाली हवा. म्हणून मी त्यांचा हात धरून शहरभर हिंडते आहे. पिठाच्या गिरणीची भिंत झाली, छापखान्याची झाली, दूधकेंद्राच्या शीतपेटीला हात लावून झाला. विजेच्या रोहित्राच्या कुंपणाशी उभी असताना तिथल्या पहारेकऱ्याने मला हटकले आणि 'बाई, इथं जीव द्यायला मनाई आहे' असे ऐकवले. मला आता एका जागी बसवत नाही. ताटावरून उठते आणि कुठे काही घुमते आहे का म्हणून खिडकीशी जाते. घरातले सगळे पंखे मी बंद ठेवले आहेत, त्यावरून घरात रोज कटकट होते ती वेगळी.

६. याबाबत आपल्या कार्यालयात चौकशी केली असता खिडकीवरील लिपिकांनी, 'आवाज होतो ही तक्रार घेता येते, आवाज होत नाही ही कुठल्या रकान्यात लिहू?' असे विचारले. ते रास्तच होते. फादरांनीही मला समजावले की देवाला गाणे वरच्या सुरात पोहोचते तसे खालच्याही सुरात पोहोचते. देवाला पोहोचेल, त्याबद्दल माझी शंका नाही. वहिनीला पोहोचत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

७. जुना पंप आपल्या विभागाच्या भंगार आवारात पडून आहे, असे कळल्यावरून गेल्या शनिवारी मी दादा व वहिनी यांना घेऊन तिथे गेले. आवारातील पंपचालकाने पंपाला वीज जोडून दिली. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. ते नाही म्हणत होते, मी त्यांना बोलू दिले नाही. तरी कारवाई करायची झाल्यास माझ्यावर करावी.

पंप गंजला आहे, पण घुमला. तोच आवाज. मी इतकी वर्षे ज्याला रेडा म्हटले तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सरकारी अर्जात लिहू नये हे मला कळते. दादांनी पंजा पंपावर ठेवला, मान वर केली आणि तेच शेवटचे गीत गायला लागले. भंगाराच्या ढिगात, भर उन्हात, एकटे, खणखणीत. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. तेवढ्यात पंप तापून जळका वास येऊ लागला आणि चालकाला तो बंद करावा लागला. पाण्याशिवाय पंप इतकाच वेळ चालतो, असे ते म्हणाले. पंप थांबला तसे दादाही थांबले. तिसरे कडवे तोंडावर आले होते. वहिनी मला म्हणाली, 'वन्सं, पुढचं राहिलं.'

८. सबब विनंती की, जुना पंप मूळ जागी बसवावा. नवा काढणे शक्य नसल्यास जुना त्याच्या शेजारी ठेवून रविवारी सकाळी तासभर चालवावा. पाण्याचे कारण सांगितले जाऊ नये, कारण पाणी ओतायला मंडळ तयार आहे, दोन्ही जावांनी बादल्या आणायचे कबूल केले आहे. आवाजाबद्दल कुणी तक्रार करणार नाही. या भागात तक्रारी करणारी मी एकटीच होते. तेही जमत नसेल तर आम्हांला आपल्या आवारात येऊन गाण्याची परवानगी मिळावी. आम्ही कशालाही हात लावणार नाही, दादांच्या एका हाताखेरीज.

परवा भंगाराचा लिलाव आहे, असे सूचनाफलकावर वाचले. सरकारी काम थांबत नाही, हे मी इतके अर्ज केल्यानंतर जाणते. पंप विकलाच गेला, तर तो घेणाऱ्याचा पत्ता तेवढा मला कळवावा आणि निदान एक दिवस तो वितळवू नये, असे त्याला माझ्या वतीने सांगावे. तो जिथे नेईल तिथे आम्ही तिघे पाणी घेऊन येऊ. एकच कडवे राहिले आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
प्रमुख, गायनमंडळ
(आपल्या कार्यालयात 'पंपवाल्या बाई' म्हणतात ती)

दिनांक : लिलावापूर्वीचा सोमवार

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) मंडळाच्या सर्वांच्या सह्या. दादांची डाव्या हाताची आहे, ती ग्राह्य धरावी.
३) माझ्या पूर्वीच्या अर्जांच्या प्रती. त्यांतील 'असह्य' हा शब्द जिथे येईल तिथे खोडून वाचावा.