हरिओमचे झिंगे

पिंगळी,
२७ मे

चि. राजेश्रीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. मानवतला तुझे आईवडील सुखरूप असतील. इकडं ऊन लय आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझी सासू कासाबाई शेजारी कान देऊन बसते, म्हणून लिहायलोय.

तू दरवेळी आधी झिंग्यांचं विचारतेस. हरिओम गेला आणि तू माहेरी निघालीस, तेव्हा त्याची काचेची टाकी माझ्या हवाली केलीस. तू सांगितलं तसंच करत होतो. पाण्यावर छोटा पंखा, हवेची मोटर, काचेला ओलं पोतं. बर्फ थेट टाकायचा नाही, गोठवलेली बाटली झाकण लावून पाण्यावर तरंगत ठेवायची. खायला चिमूटभरच, गरम पाण्यात उरलेलं लवकर सडतं. वैशाखातही निभावलं. दोन माद्यांनी पोटाशी अंडी धरली होती. कासाबाई चष्मा लावून बघायची. "आता आजी झाले मी," म्हणाली, आणि चष्मा काढून पुसत बसली.

मग गावातली डीपी जळाली. लाइट गेली तशी पंखा, मोटर, फ्रीज सगळं बंद. मी तांब्यानं पाणी वर उचलून सोडत बसलो, हवा मिळावी म्हणून. हात भरून आले की पुठ्ठ्यानं वारा घातला. तरी पाणी तापतच गेलं. झिंगे वर काठाशी येऊन चिकटले, दम लागलेलं माणूस दारात येऊन बसतं तसे. मी बर्फ आणायला स्टेशनाकडं गेलो. परत आलो तर कासाबाई रिकामा माठ धरून उभी. सगळं गार पाणी टाकीत ओतलेलं.

"हे काय केलंस गं?"

"भाजायले व्हते ओ ते. हरिओमचे हायेत. नुसतं बघत कशी बसू?"

तापलेल्या पाण्यात एकदम गार पडलं की त्यांना सोसत नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? संध्याकाळपर्यंत सगळे पांढरे पडून आडवे झाले. अंडीवाल्या दोघीही. ती देवापुढं बसली तेव्हा गाळणीनं काढले आणि लिंबाखाली पुरले.

आता लाइट आहे. रिकाम्या टाकीवर पंखा फिरायलाय. ती रोज पालकाचं उकडलेलं पान आत सोडते, मी गुपचूप काढून टाकतो. "दिसंनात कसे?" म्हणते. शेवाळात लपलेत, असं सांगतो. तुलाही फोनवर तेच सांगत आलो.

परवा तू म्हणालीस, "मामा, मी येते तिकडंच राहायला. झिंग्यांचं मी बघते." पोरी, बघायला काही उरलं नाही. तुझ्या वडिलांनी, किशनरावांनी सेलूचं स्थळ आणलंय आणि तू नाही म्हणतेस, हे त्यांनीच मला सांगितलं. आमच्याकरता नाही म्हणू नको. कासाबाई तुझी खोली रोज झाडते. तू आलीस तर आम्हाला बरं वाटेल, लय बरं वाटेल. म्हणूनच येऊ नको.

होकार दे. लग्नाला मात्र आम्हाला बोलावू नको. तिला बघवणार नाही. मलाही नाही.

हे वाचून फोन करू नको. तिच्यासमोर मला बोलता येणार नाही.

सुखी राहा.

हरिओमचा बाप,
दत्तराव