मुठीचा डबा

१४ जुलै, सोमवार
दरड तशीच. रस्ता बंद. रेमीचे बाबा ट्रकसकट ऐझॉलच्या बाजूला अडकलेले. फोनवर म्हणतात, "तांदळाचं पोतं गाडीत मजेत आहे, काळजी करू नकोस!" या माणसाला थट्टा सुचते कशी?
सकाळच्या प्रार्थनेत मागितलं – रस्ता, तांदूळ, हे सुखरूप घरी, छपराच्या पाण्याला मोठी टाकी. आणि खरं लिहायचं तर, शेजारच्या झोखुमीकडे आहे तसा मिक्सर.

१५ जुलै
तांदळाच्या पिंपाचा तळ दिसला. तरी रोजच्यासारखी, भात चढवण्याआधी चर्चच्या वाट्याची मूठभर तांदळाची मूठ वेगळ्या डब्यात टाकली. पण मूठ आपोआप आवळली गेली. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसत नाही, कान मात्र तिखट. "काय गं, चिमणीला घातलेस का?"

१७ जुलै
शनिवारी घरोघर फिरून मुठीचा तांदूळ गोळा करायचा. काम माझंच. झोखुमी म्हणाली, "यंदा तुझाच डबा खडखडणार!"
"लग्न होऊन आले तेव्हापासून कधी रिकामा गेला नाही," मी सुनावलं. बरं वाटलं!

१८ जुलै
अनर्थ! झऱ्यावरून पाणी घेऊन आले तर भाताचा वास. सासूबाईंनी चाचपडत रांधला – "दमून येशील म्हणून." तांदूळ कुठला? मुठीच्या डब्यातला! आठवडाभराचा सगळा! रेमी भोपळ्याच्या पाल्याशी मिटक्या मारत होती.
मी ओरडले. देवाचं होतं ते, उद्या काय तोंड दाखवू?
सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आज देवानं जेवू घातलं. भात मोकळा झालाय, बस."
बसले नाही. गुडघे टेकले, पण शब्द फुटेना.

१९ जुलै, शनिवार
झोखुमी सोबत होती. कपाळाला पट्टा लावून पाठीवरची टोपली सगळीकडे फिरवली. शेवटी माझं दार. डबा उपडा केला – काही नाही.
"खडखडलासुद्धा नाही!" झोखुमी. सगळं सांगितलं तर ती इतकी हसली की पायरीवर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पाळकांनी काय सांगितलंय? रस्ता उघडेपर्यंत टोपली चर्चला न्यायची नाही. ज्याचं पिंप रिकामं त्याच्या घरी. मग पहिलं घर हेच."
"माझं नको. दुसऱ्यांना—"
"आमच्या दारात येऊन हक्कानं घेतेस, तेव्हा आम्ही लाजतो? आण ते पिंप!"
ओतला. लाल, जाड, कणी, डोंगरी – प्रत्येक घरचा दाणा ओळखू येत होता. माझं रडू थांबेना. पिंप भरलं म्हणून नाही – द्यायची सवय होती, घ्यायला आज शिकले.
सासूबाई चाचपडत आल्या. पिंपात हात घातला, भरभरून मूठ घेतली आणि डब्यात सोडली. "हं. आता वाजला."
उरलेली टोपली झोखुमीनं नि मी पुढच्या घरांत पोचवली.

२० जुलै, रविवार
चर्चमध्ये ढोल घुमला आणि मी अशी गायले की गळा बसला! रेमी म्हणाली, "आई, सगळे वळून बघत होते." बघू देत!

२१ जुलै
रस्ता बंदच. सकाळी गुडघे टेकले. यांचं नाव घेतलं, सासूबाईंचं, रेमीचं, झोखुमीचंसुद्धा. आभार मानले. उठून चूल पेटवली, सैल हातानं मूठ डब्यात सोडली, तेव्हा लक्षात आलं – आज काही मागायचं राहूनच गेलं!