डोळ्यातली चाळीस मिनिटं

३ ऑक्टोबर, मंगळवार

आले एकदाची. टेकडीवरची वेधशाळा म्हणजे दोन खोल्या आणि मागे सामानाचं मोठं दालन, सगळं जाडजूड काँक्रीटचं. खिडकीभर समुद्र. आईने फोनवर विचारलं, दिवसभर ढग मोजत बसणार का. हो म्हटलं, वर पगारही मिळणार.

झाडलोट आणि स्वयंपाक मावशी बघतात. त्या खालच्या मासेमारांच्या वस्तीत राहतात. माझी मनगटं बघून म्हणाल्या, वाऱ्याने उडून जाशील. मी म्हटलं, वारा मोजायलाच आलेय, बघून घेईन त्याला.

हवेचा दाब १००९. समुद्राचं पाणी तीस अंश. जरा जास्तच तापलंय.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दूर समुद्रावर ढगांचा पुंजका जमलाय. भांडी विसळता विसळता मावशींना समजावलं. तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात, आणि होताना ती पोटातली ऊब सोडते. त्या उबेने हवा आणखी वर जाते, खाली दाब पडतो. तो भरायला चारी बाजूंनी वारा धावतो, पण पृथ्वी फिरते म्हणून सरळ न येता गरगरतो, आणि येताना आणखी वाफ उचलतो. असं वादळ खाईल तेवढी त्याची भूक वाढणार.

मावशींनी विचारलं, मग उपाशी कसं मारायचं त्याला. म्हटलं, गार पाणी लागलं, जमीन लागली की मरतं, किंवा आभाळात वर उलटा वारा असला तर त्याची मान मोडतो. सध्या वरचा वारा निपचित आहे.

त्यांचा मुलगा चार सोबत्यांना घेऊन पहाटे होडीतून गेलाय. वायरलेसवरून परत बोलावलं. येतो म्हणाला.

७ ऑक्टोबर, शनिवार

दाब ९८१. पुंजक्याचं चक्रीवादळ झालंय आणि ते सरळ इकडेच येतंय. होडीशी कालपासून संपर्क नाही.

मुख्य कार्यालयातले साहेब म्हणाले, शेवटच्या गाडीने निघा, यंत्रं आपोआप नोंदी करतील. वाऱ्याचं यंत्र सकाळीच मोडून पडलंय. गाडीतली माझी जागा एका बाळंतिणीला दिली. वस्तीतले मागे राहिलेले बावीस जण माझ्या दालनात आहेत आणि पुढच्या गावांना आकडे हवेत, तेव्हा मी हलणार नाही, असं कळवलं. साहेब चिडले. चिडू देत.

८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

९६३. वारा उत्तरेचा. भिंतींची थरथर दातांत जाणवते.

३:२०

९४९. सगळं एकदम शांत. वर विहिरीच्या तोंडाएवढं निळं आभाळ. हा वादळाचा डोळा. लोक उठले, संपलं म्हणाले. दाराला पाठ लावून सांगितलं, अर्धंच झालंय. उरलेलं उलट्या बाजूने येईल, आणि बाहेर असाल तर मोकळ्यावर गाठेल.

३:३१

दारावर थाप. मावशींच्या मुलाचा आवाज. आई, दार उघड, भिजलोय.

मी काचेतून पाहिलं. अंगणभर गुळगुळीत चिखल. एकही पाऊल उमटलेलं नाही. दाराबाहेर कुणी नाही — आवाज मात्र आहे.

३:३७

आता पाच आवाज. बायका नवऱ्यांना ओळखून रडतायत. कडी माझ्या मुठीत.

३:४४

बाहेरून माझा आवाज. वादळ गेलं, या बाहेर. लोक दाराकडे बघतात, मग माझ्याकडे. मी तोंड मिटून उभी — त्यांना दिसावं म्हणून. मग वायरलेसवर ओरडून आकडा दिला. ९४९. बाहेरचं तेही ओरडलं, ९४९. ओरड म्हणावं. माझा घसा बसलेला नाही अजून.

३:५०

मावशी उठल्या. वाटलं, आता कडी काढणार — त्या येऊन माझ्याशेजारी दाराला टेकल्या. म्हणाल्या, "माझा मुलगा मला आई म्हणत नाही. माई म्हणतो." मग दाराकडे वळून अशी शिवी हासडली की दालन गप्प झालं. बाहेरचंही.

एकेक जण येऊन दाराला पाठ लावतोय.

३:५८

समुद्रावर ढगांची काळी भिंत. येतेय. दारावर आता थाप नाही — धक्के —

४:०३

वारा दक्षिणेचा. बिजागरी वाकली. कुणी हलत नाही. ९५२ — दाब चढतोय, म्हणजे ते जातंय, ऐकताय ना, चढतोय — ९५४ — मावशी अजून शिव्या — ९५५ — आणि आम्ही अजून —