विहीणबाईंचा डबा

शंकर नगर, रायपूर
१२ एप्रिल २०२६

चि. शिशिर यास गंधालीताईचे अ. उ. आ.

तुझा फोन इंद्रावतीत बुडाला म्हणून हा कागद. जगदलपूरच्या ढाब्यावर पोचेल तेव्हा तू तिथं असलास तर नशीब.

इथं माझ्या सासर-माहेरात इंजेक्शनांची चुरस लागली आहे. सासूबाई शुगरसाठी दर आठवड्याला तिर्झेपाटाइड टोचतात. शुगर उतरली, वजन तर इतकं की सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले. आपल्या बाबांना डॉक्टरांनी नुकतंच सेमाग्लुटाइड सुरू केलं, अगदी लहान डोसचं. परवा तात्यापाऱ्यात आपल्या घरी सगळ्यांसमोर सासूबाई बाबांच्या पोटाकडं बघून म्हणाल्या की गंगाधरराव, तुमचं मॉडेल जुनं आहे. बाबा हसले, पण कान लाल झाले होते.

मग सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात बर्फ भरून आपला इंजेक्शनचा एक कोरा पेन बाबांना धाडला. त्यांचा डोस वाढला, म्हणून तो उरला होता. आई विहिणीचा डबा कधी रिकामा परत करते का! शुगरवाल्या घरी लाडू कसे द्यायचे, म्हणून तिनं बाबांचाच एक पेन बर्फात ठेवून परत पाठवला. डबा उघडून मी हसून हसून बेजार. तू गावोगाव हिंडतोस, कुणा जाणत्याला विचार ना, दोन्हीत चांगलं कोणतं.

जेवत जा. माया आहेच, तूही थोडी ठेव.

तुझी ताई
गंधाली

कोंडागाव
२ मे २०२६

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र ढाब्यावर पडून होतं, मी मंडईतल्या, म्हणजे इकडच्या जत्रेतल्या, झूलेवाल्यांसोबत निघून गेलो होतो. झूला जोडणं मोठं मजेचं काम आहे, एक नट उलटा बसला की वरचा पाळणा रडतो. ते जाऊ दे. इथला उस्ताद मले पोट्टा म्हणतो अन् चहात मीठ टाकतो. तेही जाऊ दे.

बस पंक्चर झाली तेव्हा शेजारी औषध कंपनीचा एक माणूस बसला होता. बॅग सांभाळून सांभाळून कंटाळलेला, मी विचारलं तर खुलला. म्हणे दोन्ही आठवड्यातून एकदाच, दोन्ही भूक मारतात, दोन्हीनं मळमळते. सेमाग्लुटाइड शरीरातल्या एका हार्मोनसारखं काम करते, तिर्झेपाटाइड दोन हार्मोनांसारखं, म्हणून वजन बहुधा त्यानं जास्त उतरते. पण हृदयाच्या रोग्यांत सेमाग्लुटाइड जास्त वर्षं तपासलेलं आहे. कोणाला कोणतं, हे माणूस पाहून ठरते. मी बाबांचं सांगितलं तर हसणं थांबलं त्याचं. म्हणे दोघांच्या डोसचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. बदलायचं तर डॉक्टरला विचारून, अन् सहसा खालच्या पायरीपासून. वरच्या डोसवर चढलेल्या माणसाचा उरलेला पेन नव्या माणसानं घेतला तर उलट्यांनी आडवा होईल.

बाबांना म्हण तो पेन फेका. आजच म्हण. कोणाच्या फोनवरून बोललो असतो, पण सगळे नंबर माझ्या फोनसोबत बुडाले. अन् विहीणबाईंना राग आला तर माझं नाव सांग, तसाही मी वाया गेलेला आहे.

तुझी आठवण माझ्या झोळीत आहे, माझी तू उंबऱ्यावर ठेव.

शिशिर

शंकर नगर
११ मे २०२६

चि. शिशिर, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा दवाखान्यात होते.

गुरुवार हा त्यांचा टोचायचा दिवस. पहिल्या गुरुवारी सासूबाईंचा पेन टोचला आणि पाणीही पोटात ठरेना. आईनं अडवलं तरी दुसऱ्या गुरुवारी पुन्हा टोचला. म्हणाले, विहीणबाई विचारतील, लागू पडलं का, तर काय सांगू. मग लघवी बंद झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय घेतलं, तर बाबांनी सांगितलं की गोल बाजारात समोसे खाल्ले. आईही मान हलवत राहिली. मुलीच्या सासूचं नाव कसं घ्यायचं! दोन दिवस उपचार समोशांचे झाले.

मलाही यांनी गाडीतच बजावलं होतं की माझ्या आईला मध्ये आणू नकोस, तिनं भल्यासाठी दिलं. नीलेश एरवी इतके मऊ बोलतात. मी तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेव्हा किडनीचे डॉक्टर आले. डायलिसिस सुरू झालं आहे.

आईनं पाठवलेला पेन सासूबाईंनी टोचलाच नव्हता. फ्रिजच्या दारात चटणीशेजारी उभा होता. काल तो सगळ्यांपुढं ठेवून म्हणाल्या, बघा, आम्ही कुणाचं घेतलं नाही, ज्यानं घेतलं त्यानं विचार करायचा होता. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. तात्यापाऱ्याला जायचं तर यांना विचारून.

जमेल तसा ये. माझ्यासाठी नको, आईसाठी.

गंधाली

तात्यापारा, रायपूर
३० मे २०२६

ती. ताईस शि. सा. न.

आपल्या दोघांत एक रिक्षा अंतर आहे अन् मी तुले टपालानं लिहून राहिलो.

डायलिसिस सुटलं, पण डॉक्टर म्हणतात किडनी पूर्वीसारखी होणार नाही. बाबा पॅन्टला दोरी बांधून बसतात. काल शेजारच्या काकू म्हणाल्या की वा, बारीक झाले, कोणतं घेता. बाबांनी हसून विहीणबाईंचं नाव सांगितलं! मी विचारलं, काहून? तर म्हणे, पोट्टी त्यांच्या घरी आहे.

मग मी बोललो. झूल्यावर चढलेला माणूस बोलतो तसा ओरडूनच. म्हटलं, हव, पोट्टी त्यांच्या घरी आहे, म्हणून तुम्ही दोन दिवस मरत होते अन् खरं बोलायचं काम तिलाच करावं लागलं. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं.

आईनं उठून माळ्यावरून तोच स्टीलचा डबा काढला, तू दवाखान्यात बाबांसाठी पेज आणली होती त्यात, परत द्यायचा राहिलाच होता. राखेनं घासला, उन्हात वाळवला, झाकण लावलं अन् माझ्या हातात दिला. म्हणाली, विहीणबाईंच्या हातातच दे, अन् तिथं माझ्या पोरीला सांग की घर तिचं आहे, विचारून यायचं नसते. हे पत्र मी त्या डब्यातच टाकणार होतो, तिकिटाचा खर्च वाचला असता. आईनं काढून घेतलं. म्हणाली, या वेळी डबा रिकामाच जाईल.

उद्या सकाळी येतो. पत्र तुझ्या नावानं पण इथल्याच पत्त्यावर टाकतो, मागून पोचेल तेव्हा तू इथं असशील तर तूच पाकीट फोड.

शिशिर