सोमवारच्या कागदावर कुठलं गाव लिहू

आबा, तुम्ही विचारलं नव्हतंत. आईला नाही, आजीला नाही, मला तर नाहीच नाही. धरणाचं पाणी चढणार म्हणून साहेब शाळेच्या पडवीत टेबल टाकून बसला, त्यानं तीन ठिकाणांची नावं वाचून दाखवली, बाजाराच्या दिवसापर्यंत काय ते सांगा म्हणाला, आणि तुम्ही घरी येऊन तंबाखू मळत बसलात. आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "कुठलं सांगायचं मग?" तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचंय? तू भाकरी थाप." झालं, संपलं. आपण कुठं चाललोय ते आम्हाला ट्रकमध्ये चढल्यावर कळलं. गुडघाभर चिखलात भात लावणारी माणसं तुम्ही उचललीत आणि हंडाभर पाण्याला कोसभर चालायचं अशा माळावर नेऊन ठेवलीत. ज्वारी कशी पेरायची ते घरात एकाला येत नव्हतं. तिथले लोक आम्हाला नावानं हाक मारत नव्हते, धरणवाले म्हणायचे. माझी शाळा तिसरीला सुटली ती तिथंच, कारण शाळा दोन कोस, पाणी एक कोस, आणि पाणी आधी. दुसऱ्या वर्षी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी नवी पाटी आणलीत. शाळा सुटल्यावर पाटी! आईनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. तेव्हा हे पत्र मी एकेक अक्षर शोधत लिहितेय. चुका दिसल्या तर त्या तुमच्या आहेत असं समजून वाचा.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी भांडायला बसले नाही, आत्ता बसलेय, कारण तसलाच कागद आता माझ्या घरात आलाय. आमचे हे पुढच्या महिन्यात पलटणीतून सुटतात. गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बसवण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून इथं चंदीगडला इंडस्ट्रियल एरियात ट्रकदुरुस्तीचं वर्कशॉप असलेल्या एका सरदारजींनी सांगून ठेवलंय, वर्दी उतरवाल त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर या, पक्का. आणि तिकडून ह्यांचे थोरले भाऊ पत्रावर पत्र टाकतायत. अतिरेकी बसमधून माणसं उतरवून मारतात त्या मुलखात तरणी होत आलेली पोर घेऊन काय बसलाय, गावी या, मागची खोली रिकामी आहे. कागदावर रकाना आहे, नोकरी सुटल्यावर कुठं राहणार. त्यावरच रेल्वेचा पास मिळणार, त्यावरच सामान जाणार, पेन्शन कुठल्या गावी यायची तेही त्यावरच. सोमवारी सकाळी दहाला तो ऑफिसात द्यायचा. मी म्हटलं, "ठरवा की." हे म्हणाले, "वीस वर्षं जिथं पाठवलं तिथं गेलो. मला ठरवायची सवय नाही. तू सांग." मी म्हटलं, "मी अडाणी बाई, मी काय सांगू?" तर म्हणतात, "अडाणी आहेस, पण तोंड आहे ना? एरवी कधी बंद असतं?" आणि हसले नाहीत. कागद माझ्याकडं सरकवून बूट पॉलिश करायला बसले.

गेल्या रविवारचं सांगते, म्हणजे इथलं जगणं कळेल. अंबाल्याला ह्यांच्या दोस्ताच्या पोरीचं बारसं. मी आणि माझी पोर, चौदा वर्षांची, एकच आहे ती मला, आम्ही दोघी बस अड्ड्यावर गेलो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते, स्टीलच्या डब्यात भरले, झाकण सुटू नये म्हणून ह्यांच्या हत्यारांतली तार गच्च गुंडाळली. बस लागली, आत कुणी नाही, तिकिटाला रांग ही एवढी. मी काय केलं? आपल्याकडं एसटीला करतो तेच. खिडकीतून पिशवी सीटवर टाकली, जागा धरली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. पोर म्हणाली, "मम्मी, ये यहाँ नहीं करते." ती मराठी समजते सगळं, पण बोलते हिंदी. मी म्हटलं, "गप गं, उभ्यानं जायचंय का अंबाल्यापर्यंत?"

बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी पाटी प्रत्येक बसमध्ये लावलीय. ती मीही वाचू शकते. पण आपल्या पिशवीला कुणी बेवारस म्हणेल हे डोक्यात कसं येणार? ड्रायव्हर चढला, त्यानं दोनदा ओरडून विचारलं, "किसका है?" मी रांगेत माझ्याच तोऱ्यात. मग तो उडी मारून उतरला, शिट्टी वाजली, आणि बघता बघता अड्डा उधळला. बायका पोरांना ओढत पळतायत, एक म्हातारा पडला, चपला सगळीकडं. मी उलटी पळत सुटले, बसकडं, आणि ओरडतेय मराठीत, "अहो, माझी पिशवी आहे, लाडू आहेत लाडू!" शिपायानं बंदूक आडवी धरली. मी हिंदी आठवून म्हटलं, "लड्डू है जी." तो म्हणाला, "लड्डू पे तार कौन बाँधता है?" मी नुसतं बसकडं बोट दाखवलं, तर म्हणाला, "तेरा है तो तू खोल. हम यहाँ खड़े हैं."

मी एकटी चढले. रिकामी बस, सीटवर माझी पिशवी. आणि आबा, खोटं सांगत नाही, मी हात पुढं केला आणि तो तिथंच थांबला. म्हटलं, मी रांगेत असताना कुणी तिच्यात आणखी काही ठेवलं असलं तर? माझ्याच हातचे लाडू, आणि मला त्यांची भीती वाटली. खिडकीतून पोर दिसत होती, एका पोलिसानं तिचं मनगट धरलं होतं, कारण ती माझ्यामागं यायला बघत होती. तार सोडायला मला किती वेळ लागला देव जाणे. डबा उघडून खिडकीतून दाखवला, तेव्हा पडलेला तो म्हातारा, पांढऱ्या दाढीचा सरदारजी, पगडी सारखी करत म्हणाला, "बीबी, जान निकाल दी, अब एक लड्डू तो खिला." लोक हसले. मी डबाच त्याच्यापुढं धरला. मग शिपायानं वही काढली आणि विचारलं, "कहाँ की हो?" मी तोंड उघडलं आणि काही येईना. कुठलं सांगू? पाण्याखालचं, की माळावरचं, की ह्यांचं, जिथं मी लग्नानंतर उणीपुरी दोन वर्षं राहिले? माझी पोर पुढं आली आणि म्हणाली, "चंडीगढ़ के हैं." ताठ मानेनं म्हणाली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते.

परवा खोली बघायला गेले. क्वार्टर सोडावं लागणार ना. घरमालकीण सरदारनी आहे, सगळे बीजी म्हणतात, मटार सोलत बसली होती. मला आडून बोलता येत नाही, मी सरळ विचारलं, "बीजी, फौजी आदमी को कमरा देने में डर नहीं लगता?" म्हणाली, "लगता है. तुझे सरदारनी के घर रहने में नहीं लगता?" मी म्हटलं, "लगता है." "चल फिर, दोनों बराबर. मटर छील." सोलता सोलता सांगत होती, फाळणीत सरहद्दीपलीकडून अकरा वर्षांची आली, आणि हे शहर बसवलं तेव्हा खालची गावं उठवली होती, ती माणसंही कुठं कुठं गेली. "हमें भी किसने पूछा था," म्हणाली, आणि टरफलं गोळा करून उठली. वारं येणारी खोली आहे. पोरीची शाळा तिथून सायकलीनं दहा मिनिटं. गणिताच्या बाई म्हणतात, हिला पुढं शिकवा, ही थांबायची नाही. तिकडं गावी आठवीच्या पुढं मुलींना शाळा नाही. पण ती दहा मिनिटं आबा, ती दहाची अकरा झाली की मी फाटकात उभी असते आणि, गोळ्या घालणारे मोटारसायकलवरूनच येतात म्हणून, प्रत्येक मोटारसायकलचा आवाज मोजते.

आता खरं भांडण काढते. आई जायच्या आधी मला एक सांगून गेली. म्हणाली, तुझ्या बापानं काही ठरवलंच नव्हतं गं. बाजाराच्या दिवशी टेबलापुढं उभा राहिला, साहेबानं विचारलं, ह्याच्या तोंडून शब्द फुटेना, मागचे ओरडायला लागले, तेव्हा साहेबानं जी जागा उरली होती ती लिहिली आणि अंगठा घेतला. म्हणजे मी इतकी वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या त्या चुकीचं ठरवलं म्हणून, आणि तुम्ही नुसते घाबरला होतात. आईला सांगितलं असतंत, "मला भीती वाटतेय," तर तिनं सांगितलं असतं कुठं जायचं. तिचा मामा त्या तिनातल्या दुसऱ्या गावी होता, नदीकाठाला. तुम्हाला माहीत होतं. तरी भाकरी थाप.

मला तेव्हा फार राग आला होता. आज राग तेवढाच आहे, पण समोर कागद आहे. मीही अजून पोरीला विचारलेलं नाही. काल ती म्हणालीच, "सब मेरी बात कर रहे हैं, मुझसे कोई नहीं कर रहा." मी म्हटलं, "तू अभ्यास कर." शब्द तोंडातून गेल्यावर कळलं कुणाचा आवाज होता तो.

ही चिठ्ठी मी कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या पत्त्यावर पाणी आहे आणि दुसऱ्या पत्त्यावर दगड. टाकणारच नाही. पण मनातलं एक लिहून ठेवते, हे ह्यांनाही बोलले नाही. मला इथंच राहायचंय. पोरीच्या शाळेसाठी म्हणते लोकांना, पण मलाच राहायचंय. इथं मला कुणी धरणवाली म्हणत नाही. आणि रकान्यात चंदीगड लिहिलं आणि उद्या त्या दहा मिनिटांत काही झालं, तर ते माझ्या हातचं असेल. म्हणून तुम्हाला विचारतेय. सल्ला नकोय तुमचा, तुमचा सल्ला कसला? माझ्या आधी कुणीतरी हो म्हटलेलं हवंय, म्हणजे मला पुढं त्याच्यावर ओरडता येईल. एवढं एक काम बापाचं करा. स्वप्नात या, घास अडकवा, काय करायचं ते करा, पण ह्या वेळी गप्प बसू नका. सोमवारी दहाला हे कागद घेऊन निघतात. रविवार संपायच्या आत मला सांगा.